दहा मिनिटं मागे

शीतगृहांतलं तापमान नोंदवणारी यंत्रं आम्ही बनवतो. फेब्रुवारीत आमच्याकडे फोन सकाळी साडेसातलाच सुरू होतात. द्राक्षाचा हंगाम भरात असतो, प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल साठवण्याआधी झटपट थंड करायच्या, खोल्या रात्रभर चालू असतात आणि कुठे ना कुठे एखादा सेन्सर बंद पडलेला असतो. त्या दिवशीचा फोन वेगळा होता. दिंडोरीकडच्या एका शीतगृहाचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळे आप्पाच म्हणतो, म्हणाले, "ताई, तुमचा ग्राफ मागे चालतोय."

"मागे म्हणजे?"

"दार उघडलं की माझा थर्मामीटर लगेच चढतो. तुमची रेघ दहा मिनिटांनी चढते. तीन रात्री डायरीत वेळ लिहून बघितली. बरोब्बर दहा मिनिटं."

आमचं ऑफिस नाशिकच्या अंबडला. लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, मॉडबसवरून (सेन्सरशी बोलायची ठरलेली पद्धत) दर दहा मिनिटांनी सेन्सर वाचणारा सी भाषेतला प्रोग्राम आणि शेवटी ग्राफ काढायला ग्नूप्लॉट, असं आमचं यंत्र. ग्राफ चुकला म्हटल्यावर मी आधी ग्नूप्लॉटचीच स्क्रिप्ट उघडली. वेळेच्या अक्षाचा घोळ नेहमीचाच, कारण ग्नूप्लॉट वेळ यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) धरूनच मोजतो. पण तो घोळ असता तर रेघ साडेपाच तास सरकली असती. दहा मिनिटांशी त्याचा काही संबंध लागेना.

स्क्रिप्टमध्ये मला माझीच एक जुनी ओळ दिसली, आणि पोटात गोळा आला. जानेवारीत प्रत्येक बॅचचा पहिला बिंदू शून्यावर येत होता. रेघ शून्यावरून एकदम बावीस अंशांवर उडी मारायची आणि मग हळूहळू उतरायची. सेन्सर जागा व्हायला वेळ घेत असेल असं धरून मी ग्नूप्लॉटला सांगून टाकलं होतं की शून्य दिसलं तर ते 'मिसिंग', म्हणजे नोंदच नाही असं, समज. ग्राफ स्वच्छ झाला, विषय संपला. माल साठवायच्या खोलीत तापमान शून्याच्या आसपासच असतं. तिथले खरे शून्याचे बिंदूही त्या एका ओळीने गळून जात होते, हे मला सुचलंसुद्धा नाही.

ती ओळ काढली आणि डेटाची फाइल डोळ्यांनी वाचायला घेतली. पहिली नोंद शून्य. दुसऱ्या नोंदीला जो आकडा होता तो पहिल्या वेळेचा असायला हवा होता. म्हणजे ग्राफ बरोबरच होता, फाइलच एक पाऊल मागे होती.

मग सी-कडे वळले. मॉडबसचा एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा खण, 16 बिटांचा. तापमान 32 बिटांचा फ्लोट (दशांश आकडा), म्हणून ते दोन रजिस्टरांत येतं, आणि कुठला अर्धा आधी पाठवायचा हे प्रत्येक सेन्सरवाला आपापलं ठरवतो. ते दोन अर्धे जुळवणारं छोटं फंक्शन होतं. फ्लोटचा पत्ता घ्यायचा, त्याला 16 बिटांच्या पूर्णांकाचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) म्हणायचं आणि दोन खणांत दोन तुकडे टाकायचे. त्याला बोलावणारं फंक्शन आधीचं तापमान बाजूला ठेवायचं, तुकडे भरून घ्यायचं, नवं तापमान वाचून फाइलमध्ये लिहायचं आणि दोन्हींत फार फरक असेल तर भोंगा वाजवायचं.

लॅपटॉपवर कंपायलरचं (सी-चा कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवायची काटछाट, बंद ठेवून चालवलं तर सगळं ठीक. बोर्डासाठी ओ-टू (-O2, ऑप्टिमायझेशनची एक पातळी) लावून बांधलं की एक पाऊल मागे. बघू या म्हणून तुकडे भरल्यावर लगेच एक प्रिंटएफ (आकडा स्क्रीनवर छापणारं फंक्शन) टाकला, तर बग गायब! प्रिंटएफ काढला की परत हजर. दुपारचा डबा तसाच राहिला.

शेवटी ऑब्जडम्पने मशीनची भाषा काढून एकेक ओळ वाचली. फ्लोट मेमरीतून उचलायची सूचना दोनदा असायला हवी होती, तुकडे भरण्याआधी आणि भरल्यानंतर. तिथे ती एकदाच होती, भरण्याआधीची. आणि त्याखाली वजाबाकी: एस-पंधरामधून एस-पंधरा. (हा रजिस्टर प्रोसेसरमधला, मॉडबसचा नव्हे.) नवं तापमान वजा जुनं तापमान, आणि दोन्ही एकाच रजिस्टरात, म्हणजे फरक कायम शून्य. मी ती ओळ ऑफिसातल्या सरांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवली. ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची ओढून शेजारी बसले.

एलियास म्हणजे एकाच जागेची दोन नावं. दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत असतील का, हे कंपायलरला सतत ताडावं लागतं. सी-चा नियम असा, की फ्लोटच्या जागेला 16 बिटांच्या पूर्णांकाच्या नावाने हात लावायचा नाही. कॅरॅक्टर प्रकाराला तेवढी सूट आहे. जीसीसी, म्हणजे आमचा कंपायलर, ओ-टूपासून पुढे हा नियम आपण पाळलाय असं धरून चालतो. पूर्णांक लिहिलेत ना, मग फ्लोट बदललेला असणारच नाही, कशाला पुन्हा वाचा? त्याचं म्हणणं रास्त आहे, चूक आमची. मध्ये प्रिंटएफ आला की बाहेरचं फंक्शन काहीही बदलू शकतं म्हणून तो फ्लोट परत वाचतो, आणि बग लपतो. पूर्वी तुकडे भरणारं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये होतं, तेव्हाही तो आत बघू शकत नव्हता. डिसेंबरअखेर मी ते हेडरमध्ये इनलाइन केलं, म्हणजे त्याच्या आतलं सगळं कंपायलरला दिसू लागलं, तिथून हे सुरू झालं. वॉल (-Wall, नेहमीच्या चुकांचे इशारे द्यायला लावणारा पर्याय) लावलेलं होतं, तरी इशारा आला नव्हता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वजाबाकीचं. तापमान अचानक चढलं तर वाजायचा भोंगा दीड महिना मुका होता. ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर वाजणारा दुसरा भोंगा चालू होता, तोही दहा मिनिटं उशिरा. माल वाचला. पण वर्षभर राबून पिकवलेला माल आमच्या भरवशावर त्या खोलीत ठेवलेला असतो, आणि ते मनातून जाईना.

दुरुस्ती चार ओळींची. दोन तुकडे 32 बिटांच्या पूर्णांकात जोडले आणि मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवणारं फंक्शन) फ्लोटमध्ये उतरवले. मेमकॉपी महाग पडेल ही भीती अनेकांना असते. मी परत डम्प काढून पाहिला, चार बाइटांसाठी फंक्शनला हाकच नव्हती, साधी सूचना होती. सरांचं म्हणणं, नो-स्ट्रिक्ट-एलियासिंगचा, म्हणजे एलियासचा तो नियम धरू नकोस असं जीसीसीला सांगणारा, पर्यायही लावून ठेवू, लिनक्सचं कर्नलसुद्धा तसंच बांधतात. लावला. तरी कोड आधी सुधारायचा, पर्याय त्यानंतर, यावर मी अडून बसले. शून्याला मिसिंग म्हणणारी ओळ कायमची काढली.

संध्याकाळी बोर्ड घेऊन मीच दिंडोरीला गेले. आप्पांनी प्रीकूलिंगचं दार सताड उघडलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. आतून थंड वाफ पायांवर येत होती. पुढच्या नोंदीला भोंगा वाजला, मोबाइलवर रेघ चढली. त्यांनी दार लावलं, खिशातून पेन काढलं आणि डायरीत दोन्ही वेळा शेजारीशेजारी लिहिल्या.