ओझरच्या भिंतीबाहेर

17 ऑक्टोबर 2025, वसुबारस. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए लढाऊ विमान त्या दिवशी उडणार होतं. संरक्षणमंत्री येणार म्हणून आतला पास वरिष्ठांना मिळाला आणि माझ्या वाट्याला आल्या ‘नागरिकांच्या प्रतिक्रिया’. बातमीदारीत याहून कंटाळवाणं काम नाही.

छाटणी उरकलेल्या एका द्राक्षबागेच्या बांधावर काका भेटले. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. प्रतिक्रिया विचारली तर म्हणाले, “आधी उडू तर द्या!”

मग वाट बघत गप्पा निघाल्या. कारखाना 1964 चा. आदल्याच वर्षी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते. त्यामुळे रशियन बनावटीचं मिग लढाऊ विमान इथं त्यांनीच आणलं, यावर ओझरला कुणी वाद घालत नाही. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. “सुरुवातीला रशियातून पेट्या यायच्या. फोडायच्या आन् जोडायचं. पत्र्यापासून विमान घडवणं मागाहून जमलं,” काका म्हणाले. मिग-21 ची एफएल, एम, बिस ही रूपं, मग मिग-27, आणि 2004 पासून सुखोई. शेजारचा अकरा बीआरडी मात्र हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. आमचं डेस्क अजूनही दोन्हींची सरमिसळ करतं.

तेवढ्यात तेजस उठलं. मी मोबाइल वर धरला, काका नुसतेच बघत राहिले. हवाई दलानं मिग-21 ला चंदीगडला निरोप देऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

“बारकं आहे,” ते म्हणाले. “पण आमच्या मिगसारखंच एका इंजिनाचं. पंखही तसेच त्रिकोणी. फक्त मागचे आडवे पंख नाहीत ह्याला.” सुखोईचं कौतुक त्यांना होतंच, पण दोन इंजिनांचं ते धूड त्यांनी कधी आपलं मानलं नसावं, असं मला वाटलं.

“वर्षाला किती काढणार?” त्यांनी विचारलं.

“या लाइनवर आठ.”

“आन् पोरं कायम घेणार का कंत्राटी?”

मला ‘प्रतिक्रिया’ मिळाली होती. ती मी जशीच्या तशी लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर का होईना, छापून आली.