खिचडीचा तांदूळ नेला, आता सांगायचं कुणाला?

कच्चा तांदूळ नेला तर चोरी, आणि तोच शिजवून उरला तर "मावशी डबा भरून न्या, कुत्र्याला टाकण्यापेक्षा बरं". जिल्हा परिषदेच्या शाळेत हा अलिखित नियम सगळ्यांना पाठ असतो, कुणाला त्यात काही खटकत नाही. मलाही कधी खटकलं नव्हतं. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेत तांदळावरून जे झालं त्यानंतर हा विषय डोक्यातनं जाईना, म्हणून लिहून टाकतोय.

मी मास्तर आहे, ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या एका गावात. दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यावर जातं, काही पोरं आईबापाबरोबर जातात, काही आजीकडं राहतात. त्यामुळं पट कागदावर एक आणि ताटावर एक. खिचडीचा हिशोब ज्यांनी ठेवलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. पहिली ते पाचवीला पोरामागं 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, रोजची हजेरी ॲपवर भरायची, साठा रजिस्टर वेगळं, चव रजिस्टर वेगळं, आणि रिकाम्या गोणीचासुद्धा हिशोब. हो, बारदान पण मोजून ठेवावं लागतं. शिकवायला वेळ उरला तर शिकवायचं.

एवढ्या काटेकोर मोजलेल्या तांदळाची खिचडी शिजवणारी बाई मात्र "मदतनीस". मानधन महिन्याला 2500 रुपये, तेही उन्हाळ्याच्या सुट्टीत नाही, आणि बाकीच्या महिन्यांचं कधी येईल ते विचारायचं नाही. आमच्या मावशींचं तेव्हा दिवाळीच्या आधीपासूनच अडकलेलं होतं. नवरा उचल घेऊन कोयत्यावर गेला होता आणि ती उचल सासूच्या दवाखान्यातच संपली होती, सासूला सांभाळायला ह्या गावात राहिल्या. रेशन कार्डावर सासू आणि नवरा एवढीच नावं, मावशींचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, तिथनं कमी करून इकडं चढवायचं म्हणजे तहसीलच्या किती चकरा हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. पोरांची नावं तर कुठंच नाहीत. म्हणजे खाणारी तोंडं पाच आणि धान्य दोघांचं.

तर महिनाअखेरीला साठा मोजताना तांदूळ कमी भरला. थोडाथोडका कमी असतोच, गोणीत घट येते, उंदीर असतात, ते कुणी मनावर घेत नाही. पण ह्यावेळी जरा जास्तच होता. आमच्याकडं नवीन आलेले एक तरुण सर आहेत, हुशार, कामाला वाघ, त्यांनी काही न बोलता चार दिवस लक्ष ठेवलं आणि एका संध्याकाळी मावशी सरपणाच्या मोळीत पिशवी घालून नेताना मोबाईलवर शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर फोन ठेवला. म्हणले, केंद्रप्रमुखांना पाठवू का?

मुख्याध्यापक माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणलं अहो, दोन-तीन किलो तांदूळ, गरीब बाई आहे, समज देऊन सोडून देऊ. त्यावर ते सर जे बोलले ते मला अजून पूर्ण खोडता आलेलं नाही. म्हणले, "सर, मी ह्याच खिचडीवर शिकलोय. आमच्या घरी सकाळी चहा असायचा आणि एकदम रात्री भाकरी. मधल्या सुट्टीत खिचडी कमी पडली की शेवटी उभी राहणारी पोरं आम्हीच असायचो. तुम्ही माफ करताय ते कुणाच्या वाटणीचं?"

गप्प बसलो. काय बोलणार. माझ्या घरातनं कुणी तांदूळ नेला असता तर नेऊ दे म्हणायचा मला हक्क होता, इथं मी दुसऱ्याच्या ताटातलं दान करायला निघालो होतो, आणि पुण्य माझ्या नावावर. असला मोठेपणा लई सोपा असतो.

पण म्हणून वर पाठवायचं का? तिथं माझं डोकं दुसरीकडं चाललं होतं. एकतर कायदा. आता भारतीय न्याय संहितेत 303 कलमात एक सोय आहे, पाच हजारांच्या आतली चोरी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा पैसे परत दिले तर तुरुंग नाही, समाजसेवेची शिक्षा. वाचून बरं वाटतं. पण त्याच संहितेत 306 कलम आहे, नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने दुकानातनं पोतं उचललं तर तो हलक्यात सुटू शकतो आणि जी बाई चुलीपाशी काम करते तिच्यावर जास्त जड कलम लागू शकतं. विश्वासाचं काम म्हणून ते तसं आहे हे कळतं मला. पण महिन्याला 2500 रुपयांत किती किलो विश्वास येतो हे पण कुणीतरी लिहायला पाहिजे होतं.

आणि दुसरं म्हणजे तो व्हिडिओ. मला खरी भीती त्याचीच वाटत होती. केंद्रप्रमुखांना पाठवलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत केरळात अट्टप्पाडीला काय झालं आठवतंय का? तांदूळ आणि बारीकसारीक किराणा चोरला म्हणून एका आदिवासी तरुणाला लोकांनी जंगलातनं धरून आणलं, बांधून मारलं, त्याच्यासोबत सेल्फी काढले. पोलिसांच्या ताब्यात दिला आणि तो दवाखान्यात पोचायच्या आत गेला. 2023 ला कोर्टाने 14 जणांना दोषी धरलं. त्यातल्या प्रत्येकाला आपण चोर पकडून दिला असंच वाटत असणार. एकदा बोट दाखवलं की पुढं किती मारायचं हे आपल्या हातात राहत नाही.

मुख्याध्यापकांनी मग इटलीची केस सांगितली, त्यांना असलं वाचायचा नाद आहे. 2011 ला जिनोव्हा शहरात एका बेघर माणसाने सुपरमार्केटमधनं चीज आणि सॉसेज खिशात घातलं, चार युरोच्या आसपासचा माल. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाने सिक्युरिटीला सांगितलं. आधी सहा महिने शिक्षा झाली, मग प्रकरण चढत चढत 2016 ला तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टात गेलं आणि कोर्ट म्हणलं की भुकेपोटी तेवढ्यापुरतं अन्न घेणं हा गुन्हाच होत नाही. ऐकायला फार भारी. पण तरुण सर लगेच म्हणले, "तिथं दुकान होतं सर, इथं पोरं आहेत." खरंय. शिवाय मावशींची गरज रोजची होती, एका वेळची नव्हती.

गंमत बघा, ही खिचडीच मुळात भुकेच्या केसमधनं आलेली. एकीकडं सरकारी गोदामं धान्यानं भरलेली आणि राजस्थानात दुष्काळात लोक उपाशी, म्हणून पीयूसीएल ह्या मानवी हक्कांच्या संघटनेने सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि 28 नोव्हेंबर 2001 ला कोर्टाने सांगितलं की सगळ्या सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या. पोरांची भूक त्या ऑर्डरमध्ये आली. स्वयंपाकिणीची कुठल्या ऑर्डरमध्ये येते देव जाणे.

शेवटी मावशींनाच बोलावलं. मला वाटलं रडतील, पाया पडतील. तसलं काही नाही. पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणल्या, "नेला सर. रोज नाही नेला. ज्या दिवशी पोरं कमी त्या दिवशी नेला, पोरांच्या पुढ्यातलं नाही काढलं. तुम्ही पगार द्या, मी नाही नेत." मुख्याध्यापकांनी मान खाली घातली, पगार त्यांच्या पण हातात नव्हता.

मग मी एक सुचवलं. ज्यांचं गेलं त्यांना विचारू. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात, पोरं त्यांची, तांदूळ त्यांच्या पोरांचा. वर नको, ग्रुपवर नको, समितीत ठेवू. तरुण सरांना पटलं, मला वाटतं अर्धवट पटलं.

समितीची मीटिंग मात्र मी कल्पना केली तशी झाली नाही. एक सदस्य ताडकन उठले, काढून टाका म्हणले, चोराला पोरांच्या पोटाशी ठेवायचं नाही. फार तळमळीने बोलले. नंतर कळलं त्यांच्या भावजयीला ती जागा पाहिजे होती. दुसरे दोघं म्हणले, आमची पोरं कारखान्यावर आहेत, आम्हाला काय विचारता. मग मागनं एक बाई बोलल्या, स्वतः शेतमजूर आहेत, पोरगी तिसरीत. "उरलेली खिचडी तुम्ही देताच ना तिला? मग सगळ्यांसमोर डबा भरून देत जा, अंधारात पिशवी कशाला. पण तांदळाच्या खोलीची किल्ली तिच्याकडं नको. आणि परत नेला तर मीच पोलिसात जाईन." एवढं बोलून त्या खाली बसल्या. मीटिंग तिथंच संपल्यासारखी झाली.

किल्ली आता मुख्याध्यापकांकडं आहे. रजिस्टरला तूट आहे तेवढी लिहिली, कमी-जास्त केली नाही, त्यामुळं पुढच्या तपासणीत काय उत्तर द्यायचं हा त्यांचा त्यांनाच प्रश्न पडलाय. अडकलेल्या मानधनासाठी आम्ही तिघांनी सह्या करून अर्ज दिला, थोडं आलं, थोडं राहिलंय. रेशन कार्डावर पोरांची नावं अजून चढलेली नाहीत, कुठल्यातरी दाखल्यावर गाडी अडलीय, मी एकदा जाऊन आलो, परत जायचंय. मावशी येतात, खिचडी बरी करतात, माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, चारचौघांत नाव निघालं ते माझ्या सल्ल्यानेच.

तरुण सरांनी तो व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही. परवा मी विषय काढला तर म्हणले, "राहू द्या सर, उद्या परत तूट निघाली आणि चौकशी लागली तर आपण तिघं काय दाखवणार?"