लोकरीच्या पैशातून उभे राहिलेले दगड

मागच्या शनिवारी परत एकदा पेन्सविकला जाऊन आले. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधलं हे छोटंसं गाव, तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात कापून गोलाकार केलेली यूची (एक सदाहरित, सूचिपर्णी झाड) झाडं आहेत आणि सगळे लोक त्यांचेच फोटो काढत असतात, झाडं ९९च, शंभरावं लावलं तर जगत नाही असं गावात म्हणतात. मी मात्र झाडांच्या मधली थडगी बघायला जाते.

१७व्या-१८व्या शतकातली ही थडगी, म्हणजे मोठ्या दगडी पेट्याच. इथल्या लोकर-कापडाच्या व्यापाऱ्यांनी बक्कळ पैसा कमावला आणि त्यातला बराचसा या दगडांत घातला. कॉट्सवोल्डचा, म्हणजे या टेकड्यांच्या भागातला, हा चुनखडीचा दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो, हवा लागली की हळूहळू कडक होतो, म्हणून तर इतकं बारीक काम जमलं. एका कोपऱ्यातल्या देवदूताच्या पंखाजवळ मी गुडघे टेकून बसले होते, एकेक पीस वेगळं कोरलंय हो! गावातल्या ब्रायन घराण्याचं नाव या कामात मोठं, त्यातले जॉन ब्रायन १७८७ मध्ये गेले आणि त्यांचं स्वतःचं थडगं पिरॅमिडसारखं आहे, या सगळ्या नक्षीच्या गर्दीत एकदम साधं. मला ते फार आवडतं.

कॉट्सवोल्डमधल्याच बर्फर्ड गावी सेंट जॉन चर्चपाशी वेगळाच प्रकार बघायला मिळतो. पेटीवर अर्धगोल दगड आडवा ठेवलेला आणि त्यावर खाचा. कोणी म्हणतं या लोकरीच्या गाठी, कोणी म्हणतं लोकरीत गुंडाळलेलं प्रेत. दुसरं म्हणणं उगाच आलेलं नाही, कारण तेव्हा प्रेत लोकरीच्याच कफनात पुरायचं असा कायदा होता, धंदा चालावा म्हणून! मोडला तर ५ पौंड दंड, त्या काळात ही केवढी रक्कम. कायदा रद्द झाला १८१४ मध्ये.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, त्या पेटीत माणूस नसतो. तो खाली जमिनीत, वरची पेटी पोकळ. दगडी फळ्या एकमेकींना लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या असतात आणि खरं दुखणं तिथेच आहे. पाणी आत मुरतं, लोखंड गंजतं, गंज फुगून लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. त्या पंखाच्या खालीच तपकिरी ओघळ आणि केसाएवढी चीर दिसली, पोटात धस्स झालं. अशा फटी सिमेंटने बुजवल्या तर आणखी वाट लागते कारण पाणी आतच अडकतं, तिथे चुन्याचाच गिलावा लागतो आणि पट्ट्या बदलायच्या तर स्टेनलेस स्टीलच्या.

थडग्यांवर वाढलेलं दगडफूल (लायकेन) खरवडणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो. त्या पिवळ्या-करड्या ठिपक्यांतल्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, आणि ब्रश मारला की दगडाचा वरचा थरही सोबत निघतो, अक्षरं जातात ती कायमची. नाव वाचायचं असेल तर ऊन तिरपं असताना जा, सकाळी किंवा संध्याकाळी, खाचांत पडणाऱ्या सावलीमुळे अक्षरं आपोआप उठून दिसतात.

आणि गवतात एखादा कोरलेला तुकडा पडलेला दिसला तर प्लीज खिशात घालू नका, त्याच थडग्याच्या पायाशी ठेवा आणि चर्चमध्ये सांगा. कारागीर तो परत बसवू शकतो.