नववा आरा

चाक सोडलं की नववा आराच खाली येतो. हळूहळू फिरत येतो, थोडा पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे, आणि थांबतो. पाच वेळा फिरवलं, पाचही वेळा नववाच. व्हॉल्व्हपासून खडूने एक ते बारा आकडे टाकले होते, म्हणून चूक होणं शक्य नव्हतं.

हे चाक फोर्डच्या मॉडेल टीटी ट्रकचं, पुढचं उजवं. मॉडेल टी मोटारीचा हा एक टनी भाऊ १९१७ पासून १९२७ पर्यंत बनत होता. बारा लाकडी आरे, बाहेरून लोखंडी कडं, त्यावर ३० इंची टायर. ट्रक शिवडीला एका शेडमध्ये उभा असतो. मालक माझ्या भाच्याचा मित्र. त्याने आधी चाक तोल बघायला एका टायरवाल्याकडे नेलं होतं. तिथल्या मशिनने तीन वेळा फिरवून तीन वेगळे आकडे दिले, आणि चिकटवलेल्या वजनांनी रंगाचा पापुद्रा उचलला. मग भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा बघा ना."

मी मिलच्या वर्कशॉपात फिटर होतो. १९८२ च्या संपाआधी तीन वर्षं मी उमेदवारी केली. पंख्यांच्या पुल्या आम्ही दोन सुरीपट्ट्यांवर, म्हणजे धारदार कडेच्या पट्ट्यांवर, ठेवून तोलायचो. पट्ट्या पाणसळ लावून सपाट करायच्या, पुली आसासकट वर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. जड बाजू आपली आपण खाली येते. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "आधी ढिलं आवळ, मग तोल बघ." मशिनला तीन आकडे का दिसले, त्याचं उत्तर यातच आहे. मशिनचा निमुळता शंकू या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या भागात, नीट बसत नाही, आणि आरे हलत असतील तर दर फेऱ्याला चाकाचा आकारच किंचित बदलतो.

म्हणून पहिला दिवस फक्त आऱ्यांचा. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं लाकडी हातोडीने एकेक आरा वाजवला. दहा आरे टणक बोलले. चौथा आणि अकरावा बद्द. कड्याच्या आतल्या बाजूला नखाएवढी फट होती. तिथे पत्र्याच्या पातळ पाचरी ठोकल्या, तुंब्याचे बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले आणि पुन्हा वाजवलं. दोन वेळा पाचर बदलावी लागली.

मालकाला वाटत होतं, आरे ढिले असले तर चाक रात्रभर पाण्यात ठेवावं. गाडीवान बैलगाडी ओढ्यात उभी करायचे, ते त्याने आजोबांकडून ऐकलं होतं. मी ठाम नको म्हटलं. लाकूड फुगतं खरं, पण लोखंडी कडं त्याला जागा देत नाही, त्यामुळे आतले तंतू चेपतात. सुकल्यावर आरा पहिल्यापेक्षा जास्त ढिला होतो. मुंबईत पाऊस चार महिने हेच काम फुकटात करतो. श्रावणात घट्ट वाटणारं चाक फाल्गुनात कुरकुरतं. पाण्याऐवजी जवसाचं तेल, दोन हात, मध्ये आठवडाभर सुकायला, विशेषतः आऱ्यांच्या टोकांना.

मग तोल. बेअरिंग रॉकेलने धुतली, कारण जुनं ग्रीस चाकाला खोट्या जागी धरून ठेवतं. पातळ तेलाचे दोन थेंब टाकले, नट किंचित सैल ठेवला, आणि चाक ट्रकच्याच आसावर, जॅकवर. नववा खाली म्हणजे तिसऱ्याकडे वजन हवं. मी बायकोकडून ओल्या कणकेचा गोळा आणला होता. कणीक कड्याला चिकटते, चिमटीने कमीजास्त करता येते, डाग पडत नाही. जिथे शेवटी शिसं बसणार तिथेच ती लावायची, कारण मध्यापासूनचं अंतर बदललं की हिशोब बदलतो. आधी लिंबाएवढा गोळा लावला, तर तिसरा खाली आला. थोडा काढला, पुन्हा नववा. अर्धा तास हेच. शेवटी चाक जिथे सोडावं तिथे उभं राहायला लागलं. गोळा सुकायच्या आत लगेच काट्यावर ठेवला: ८५ ग्रॅम.

जड का होता नववा? रंग खरवडल्यावर दिसलं. आठवा आणि नववा आरा कुणीतरी कधीतरी बदललेला, लाकूड गडद, बाकीच्या फिकट हिकरीपेक्षा निराळं. काम मात्र चोख केलेलं. तो सुतार कोण होता कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मालक विचारत होता, ट्रक ताशी ३० किलोमीटरच्या पुढे जातच नाही, मग एवढा खटाटोप कशाला? मी त्याला कागदावर दाखवलं. कड्यावर ८५ ग्रॅम जास्त असले तर त्या वेगाला किलोभराचा हिसका बसतो. वेग दुप्पट झाला की चौपट. आणि चाक मिनिटाला दोनशेच्या वर फेरे घेतं. म्हणजे मिनिटाला दोनशे वेळा तो हिसका लाकडाच्या सांध्यांना आणि स्टिअरिंगच्या जुन्या गोल सांध्यांना लागतो. पुन्हा आरे ढिले होणार ते असेच.

जाळ्याला लावायचं शिसं भाऊच्या धक्क्याजवळून आणलं, ठोकून पट्टी केली, ८५ ग्रॅमला कानस लावून आणली, आणि कड्याच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी बसवली, तिसऱ्या आऱ्याच्या टोकाशी. लाकडाला एकही भोक नाही. स्क्रूंचं वजनही त्यातच धरलं.

काल पुन्हा पाच वेळा फिरवलं. दुसरा, अकरावा, सहावा, नववा, पाचवा. मालकाने पाचही आकडे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत. आता बेअरिंगमध्ये ग्रीस भरून नट आवळायचा, आणि रविवारी डावं चाक.