आधी फोटो, मग फवारा

आमच्या वाळवा तालुक्यात फवारणीच्या ड्रोनचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरता येत नाही. पात्यांनी हात-तोंड कापतं आणि औषध थेट नाकात जातं. २०१७ मध्ये यवतमाळला उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते मी विसरू शकत नाही. ड्रोनच्या १० लिटरच्या टाकीत साधारण एकर उरकतो आणि मी बांधावर रिमोट धरून उभी असते. माणूस औषधाच्या बाहेर राहतो, माझ्या लेखी हीच मोठी कमाई.

पण एका गोष्टीसाठी मी शेतकऱ्यांशी दरवेळी भांडते: फवाऱ्याआधी ड्रोनने रानाचे फोटो काढायचे. ते म्हणतात, "ताई, फोटो कशाला काढत बसताय? भरा की टाकी!"

लोकरी मावा ही उसाचा रस शोषणारी कीड पानाच्या खालून बसते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, आणि काजळलेला तो पट्टा वरून साध्या कॅमेऱ्यातही उठून दिसतो. मग तेवढाच पट्टा फवारायचा. २००२ साली हा मावा सांगली भागात पसरला, तेव्हा कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक फार कामी आले. अख्ख्या रानावर औषध मारलं तर तेही मरतात, आणि मावा परत आला की त्याला खाणारं कुणी उरत नाही.

निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या हिशोबातून एनडीव्हीआयचा, म्हणजे पीक कुठे जोमदार आणि कुठे कमजोर ते दाखवणारा नकाशा तयार होतो. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ गुंठाभर. शिवाय पावसाळ्यात नेमके ढग आडवे येतात. ड्रोन ढगांच्या खालून उडतो. तरी नकाशा जागा दाखवतो, रोग नाही. पिवळा डाग मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा असेल, साचलेल्या पाण्याचा असेल, लोह कमी पडल्याचा असेल. तिथे जाऊन मुळं उकरून बघावीच लागतात. हुमणी असेल तर वरून फवारा मारणं म्हणजे पैसे मातीत.

आणखी एक. पाठीवरच्या पंपाला एकरी २०० लिटरपर्यंत पाणी लागतं, ड्रोनला १०. औषध तेवढंच, म्हणजे द्रावण कितीतरी तीव्र. वाऱ्याने ते शेजारच्या तुतीवर गेलं तर रेशमाच्या अळ्या जातात.

म्हणून फोन कराल तेव्हा शेजारच्या रानात काय आहे ते आधी सांगा. फोटो आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना; फवारा दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत. फोटोचे वेगळे पैसे मी घेत नाही.