मुलगी कोण देईल?

रविवार, रात्री ११

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. माझ्याच तोंडून गेलेलं.

ओम प्रवेशाचे पर्याय भरत होता. पहिलाच पर्याय बी.एस्सी. अ‍ॅग्री, दापोली. मेथी निवडता निवडता मी बोलून गेले, "चार वर्षं शिकून शेतीच करणार? मग तुला मुलगी कोण देईल?" ओम काही बोलला नाही, नुसतं फोनकडे बघितलं. स्पीकरवर बाळू होता, गावी शेती करणारा माझा धाकटा भाऊ.

तिकडून थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज. मग म्हणाला, "ताई, लावणीसाठी आवण, भाताची रोपं, उपटायला माणसं आलीत, ठेवतो." एरवी माणसं मिळत नाहीत म्हणून वैतागलेला असतो.

छत्तीस संपली त्याला. मागच्या स्थळाच्या आईने "ठाण्यात फ्लॅट आहे का?" विचारलं, तेव्हा मला तिचा किती राग आला होता! आणि आज मी तेच बोलले. आज कशाला, माझं लग्न ठरतानाही आप्पांना सांगितलं होतं, शेतकरी नको, नोकरीवाला बघा. आप्पा स्वतः खाचरातून आले होते, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. नुसते "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा विचार मी वीस वर्षांत कधी केला नाही.

भीती खोटी नाही माझी. कापणीच्या तोंडावर पाऊस आला की उभं भात आडवं होतं, हे मी लहानपणापासून बघितलंय. दुपारी ओमच म्हणाला, १९७०-७१ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ला १.३४ उरली. मला वाटलं, आला ताळ्यावर. तर म्हणे, "म्हणूनच शिकून करायची." ह्यांना विचारलं तर... जाऊ दे.

आपण राहतो ते कोपरखैरणेही भातखाचरंच होती ना. गावठाणातल्या आजी अजून सांगतात.

पण बाळूने ऐकलं, हे काही जात नाही. त्याच्याबद्दल नव्हतं, असं कसं म्हणू? सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर माझंही नाव लागावं म्हणून मी तलाठ्याकडे तीन खेपा घातल्या. लग्नानंतर लावणीला एकदाही गेले नाही.

तीनदा फोन केला, उचलला नाही. आत्ता मेसेज आलाय: "ओमच्या गमबुटाचा नंबर काय? शनिवारी येतोय ना तो?"

९ लिहिलं. मग खाली लिहिलं, माझा ५.