मीठ, गंज आणि साताऱ्याचा मामा

इंग्लंडमध्ये, कोव्हेंट्रीत मी जुनी गाडी घेतली म्हटल्यावर साताऱ्याहून गॅरेजवाल्या मामाचा पहिला प्रश्न आला, "कितवा मालक तू?"

चौथा. गाडी 2008 ची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट. घरच्यांना वाटलं, साताऱ्यात पोवई नाक्यावर रोज दिसते तीच. अंगकाठी तीच, पण इंजिन 1,586 सीसीचं, 125 पीएस ताकदीचं, आणि खरा जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगानं फिरायला लागल्यावर. चार हजारांच्या पुढं तिचा आवाजच पालटतो. तो ऐकला की दर वेळी यवतेश्वरचा घाट आठवतो.

इथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, एमओटी. आपल्याकडं खासगी गाडीचं फिटनेस थेट 15 वर्षांनी. गाडीचा नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचे निकाल सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतात: किती मैल पळाली, कशात नापास झाली, गंज कुठं धरलाय. जुनी गाडी घेणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. आपल्याकडं हे यायलाच हवं.

यंदा फेब्रुवारीत माझी गाडी नापास झाली. मागचं डावं चाक ब्रेक सोडत नव्हतं. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून इथं रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ लोखंड खातं. इथला गॅरेजवाला म्हणाला, कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, नवा टाका. मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. इथं सकाळचे अकरा, तिकडं साडेचार, त्याचा चहा चालला होता.

"आधी खोलून बघ. आन् नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नगंस, खाली स्टँड लाव."

चाक काढलं. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो, त्यातली एक गंजून घट्ट बसली होती. अर्धा तास तेल सोडत, हळूहळू फिरवत ती सोडवली. ब्रशनं घासून लख्ख केली.

"साधं ग्रीस लावू नगंस, रबर फुगतं. सिलिकॉनचं आण."

पॅड परत बसवताना त्यांना ढकलणारा पिस्टन आत जाईना. मामाच्या गॅरेजात येणाऱ्या स्विफ्टला मागं ड्रम असतात. माझ्या गाडीला मागं डिस्क, आणि हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनमध्येच. तो नुसता दाबून जात नाही, फिरवत न्यावा लागतो. मामानं चष्मा पुसला, फोन जवळ आणायला लावला आणि म्हणाला, "खाचा हायत बघ त्याच्या तोंडावर. कायतरी अडकव आन् फिरव." फिरला! मला इतका आनंद झाला, की फोन तसाच चालू ठेवून मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

मग दहा मैल चालवून आलो. ब्रेक अजून अडकत असला तर ते चाक जास्त तापतं, म्हणून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला.

"सारखीच गरम?"

"सारखीच."

"मग आता उजवं खोल. मीठ काय एकाच बाजूला पडत न्हाई."